सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर १८९६ – २० जून १९८७) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक व निसर्गसंरक्षक होते. भारतातील पक्ष्यांच्या पद्धतशीर प्रादेशिक सर्वेक्षणांचा पाया त्यांनी घातला. पक्षिनिरीक्षण हा मूठभर हौशी अधिकाऱ्यांचा छंद होता; तो सर्वसामान्य सुशिक्षित भारतीयांच्या आवाक्यात आणण्याचे श्रेयही प्रामुख्याने त्यांनाच दिले जाते. भरतपूरच्या पाणथळ प्रदेशाचे रक्षण आणि सोलापूरच्या माळरानांवर आढळणाऱ्या माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाची चळवळ या दोन्ही गोष्टी त्यांच्या नावाशी निगडित आहेत.

बालपण आणि शिक्षण

सलीम अली यांचा जन्म मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन आणि तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसा यांचे निधन झाले. पोरक्या झालेल्या या भावंडांचा सांभाळ खेतवाडीत राहणारे त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम या निपुत्रिक दांपत्याने केला. स्वातंत्र्यसैनिक अब्बास तय्यबजी हेही त्यांचे मामा होत.

त्या काळातील सुखवस्तू घरांतील मुलांप्रमाणे छोट्या सलीमलाही शिकारीचा नाद होता. वयाच्या दहा-बारा वर्षांच्या सुमारास त्याने छर्ऱ्याच्या खेळण्यातील बंदुकीने एक चिमणी मारली. नेहमीच्या चिमणीहून ती वेगळी होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणत्या जातीची आहे हे घरात कोणालाच सांगता येईना, तेव्हा मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे तत्कालीन सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे ओळखले. एवढ्यावर न थांबता त्यांनी मुलाला संस्थेतील पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी सोलून टिकविण्याचे तंत्र शिकण्याची सोय करून दिली. या एका भेटीने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे शीर्षकही त्यांनी याच चिमणीवरून घेतले.

शालेय शिक्षणात मात्र त्यांची प्रगती बेताचीच होती. तेराव्या वर्षाच्या सुमारास जडलेल्या डोकेदुखीमुळे शाळा वारंवार बुडत असे. हवापालटासाठी त्यांना सिंध प्रांतात नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. १९१३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाले.

ब्रह्मदेश आणि पुन्हा मुंबई

महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातील तवाय येथे गेले. तेथे त्यांच्या कुटुंबाचा वुल्फ्रॅमच्या खाणींचा व इमारती लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायात त्यांचे मन फारसे रमले नाही; भोवतालच्या घनदाट जंगलात मात्र त्यांची पक्षिनिरीक्षणाची दृष्टी तयार झाली. १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र यांचा अभ्यास सुरू केला. सेंट झेवियर महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला व त्यांना प्राणिशास्त्राच्या वर्गांना बसण्यास प्रवृत्त केले. डिसेंबर १९१८ मध्ये दूरच्या नात्यातील तहमीना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतील पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना मिळू शकले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपये वेतनावर त्यांची नेमणूक झाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले. मृत पक्ष्यांच्या मोजमापाइतकेच जिवंत पक्ष्याचे वर्तन, त्याचा अधिवास व त्याचे स्थलांतर महत्त्वाचे आहे, हा दृष्टिकोन त्यांच्यात तेथे दृढ झाला. पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे तंत्रही त्यांनी हेल्गोलँड बेटावरील पक्षिनिरीक्षण केंद्रात शिकून घेतले.

किहीम आणि सुगरण पक्षी

१९३० मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा निधीअभावी त्यांचे पदच रद्द झालेले होते. नोकरी नसल्याने मुंबईत राहणे परवडेना. पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात सलीम अली शिडीवर आडोसा करून तासन्‌तास बसत आणि घरट्यांतील एकेक घडामोड टिपून ठेवीत.

सुगरण पक्ष्याचे घरटे नर बांधतो, हे त्यापूर्वीही ठाऊक होते. परंतु नर घरटे अर्धवट विणून थांबतो. मग माद्यांचा थवा येऊन घरट्यांची तपासणी करतो. एखादी मादी घरटे पसंत करून त्यात मुक्काम ठोकते आणि त्यानंतरच नर ते पूर्ण करतो, हा क्रम सलीम अली यांनी उलगडून दाखविला. अंडी घातली गेली की नर दुसरे घरटे विणू लागतो व दुसरी मादी मिळवितो. अशा रीतीने एका हंगामात त्याचे एकापाठोपाठ एक अनेक संसार होतात. हे निरीक्षण १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यांना जगभरातील पक्षिशास्त्रज्ञांत मान्यता मिळाली. बेकारीच्या काळात, कोणतेही महागडे साधन हाताशी नसताना केलेले हे काम त्यांच्या उत्तम संशोधनांपैकी एक मानले जाते.

संस्थानांतील पक्षिसर्वेक्षणे

यानंतर त्यांनी एक वेगळीच योजना आखली. देशातील अनेक संस्थानांतील पक्ष्यांची शास्त्रीय नोंद तोवर झालेली नव्हती. प्रवास व मुक्काम यांचा खर्च संस्थानाने करावा, आपण वेतन न घेता सर्वेक्षण करू, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. १९३१-३२ मधील हैदराबाद संस्थानाच्या सर्वेक्षणाने या कामास प्रारंभ झाला. त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात मोडत असे आणि मुंबई इलाख्यातील सोलापूर जिल्ह्याची पूर्वसीमा याच संस्थानाला भिडलेली होती. त्यामुळे दख्खनच्या कोरड्या पठारावरील पक्षिजीवनाच्या अभ्यासात या सर्वेक्षणाला विशेष महत्त्व आहे. पुढे त्रावणकोर व कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, कच्छ, गुजरात इत्यादी प्रदेशांची सर्वेक्षणे झाली. या कामात ह्यू व्हिसलर या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाचे त्यांना मोठे साहाय्य लाभले.

तहमीना बेगम या मोहिमांत त्यांच्यासोबत असत. बैलगाडीचा प्रवास, तंबूतील मुक्काम आणि आडरानातील गैरसोयी त्यांनी आनंदाने सोसल्या. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे आकस्मिक निधन झाले. हा आघात सलीम अली यांना फार जाणवला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. मुंबईत बहीण कामू व मेहुणे हसन यांच्या घरी राहून त्यांनी पुढील काम चालू ठेवले.

ग्रंथलेखन

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील रंगीत चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्ष्याचा आकार, रंग, आवाज, राहण्याची जागा व सवयी यांचे सोप्या भाषेतील वर्णन त्यात असल्यामुळे शास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकालाही अंगणातला किंवा तळ्याकाठचा पक्षी ओळखता येऊ लागला. या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्याशिवाय कच्छ, त्रावणकोर-कोचीन व सिक्कीम येथील पक्ष्यांवर आणि डोंगराळ प्रदेशातील पक्ष्यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने त्यांनी भारत व पाकिस्तान येथील पक्ष्यांचा दहा खंडांचा संदर्भग्रंथ सिद्ध केला. १९६८ ते १९७४ या काळात हे खंड प्रकाशित झाले. पहिला खंड निघाला तेव्हा सलीम अली यांनी सत्तरी ओलांडली होती. भारतीय उपखंडातील पक्ष्यांच्या अभ्यासकाला आजही या ग्रंथाचा आधार घ्यावा लागतो.

सोसायटीचे कार्य आणि स्थलांतराचा अभ्यास

स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आर्थिक अडचणीत सापडली. सलीम अली यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याकडे साहाय्य मागितले आणि संस्थेला स्थैर्य मिळवून दिले. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर येथे माकडांत व माणसांत एक तापाचा रोग उद्भवला. त्याचा विषाणू स्थलांतरित पक्ष्यांमार्फत येतो काय, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. या निमित्ताने हेल्गोलँड येथे शिकलेल्या तंत्राचा वापर त्यांना भारतात विस्तृत प्रमाणावर करता आला. हिवाळ्यात भारतीय तलावांवर उतरणारी बदके व चिखलात टिपणारे पाणपक्षी मध्य आशिया व सायबेरियापर्यंत ये-जा करतात, याचे पुरावे अशा कड्यांतून मिळत गेले.

भरतपूरचा पाणथळ प्रदेश

राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव घना हे मूळचे संस्थानिकांचे शिकारीचे राखीव तळे होय. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या उपस्थितीत, तेथे चार हजारांहून अधिक बदके मारली गेल्याची नोंद आहे. योगायोगाने तो सलीम अली यांचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर हे तळे कोरडे करून जमीन लागवडीखाली आणावी, अशी मागणी पुढे आली. सलीम अली यांनी हा प्रश्न नेहरूंपर्यंत नेला आणि ते पाणी वाचले.

या तळ्याचे वैभव पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाहावयास मिळते. श्रावण-भाद्रपदात पाणी भरले की बाभळीच्या झाडांवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे व चमचे हजारोंच्या संख्येने घरटी करतात. पिलांना पुरेल इतके मासे व बेडूक याच काळात मिळत असल्याने त्यांचा विणीचा हंगाम पावसाशी बांधलेला असतो. पावसाने ओढ दिली, तर घरट्यांची संख्या घटते. ही वसाहत ओसरू लागते न लागते तोच उत्तरेकडून स्थलांतरित बदकांचे थवे उतरू लागतात. १९८१ मध्ये भारताच्या पहिल्या दोन रामसर स्थळांत केवलादेवचा समावेश झाला. दुसरे स्थळ ओडिशातील चिल्का सरोवर होते. १९८५ मध्ये केवलादेवला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

या यशाला एक दुःखद बाजूही आहे. गुरांच्या चराईमुळे तळ्याचे नुकसान होते, असे सलीम अली व त्यांच्या सहकाऱ्यांचे मत होते. राष्ट्रीय उद्यान घोषित झाल्यावर १९८२ मध्ये तेथील चराई बंद करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे म्हशी चारणाऱ्या गावकऱ्यांचा या निर्णयाला विरोध होता. त्यातून संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. पुढे सोसायटीच्याच दीर्घकालीन अभ्यासातून निराळे चित्र समोर आले. म्हशी बंद झाल्यावर पास्पॅलम जातीचे गवत बेसुमार वाढून उघडे पाणी झाकले गेले व पाणपक्ष्यांची अडचण झाली. म्हशींच्या चरण्यामुळेच या गवताला आळा बसत होता, हे त्यातून स्पष्ट झाले. सलीम अली यांनी उभ्या केलेल्या संशोधनपरंपरेने त्यांचेच मत तपासून दुरुस्त केले. संरक्षणाचे निर्णय घेताना स्थानिक माणसांचा जीवनक्रम विचारात घ्यावा लागतो, हा धडा म्हणून भरतपूरचे उदाहरण आजही अभ्यासले जाते.

माळढोक आणि सोलापूर

माळढोक हा भारतातील उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक होय. गवताळ माळरानावर तो राहतो आणि मादी सामान्यतः एका हंगामात उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते. शिकार, नांगरटीखाली जाणारी माळराने आणि मोकाट कुत्री यांमुळे त्याची संख्या झपाट्याने घटत गेली. भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी, असा आग्रह सलीम अली यांनी धरला होता. मोर सर्वत्र परिचित व तुलनेने सुरक्षित आहे, तर माळढोकाला राष्ट्रीय मान मिळाल्यास त्याच्या रक्षणाकडे देशाचे लक्ष वेधले जाईल, ही त्यामागील भूमिका होती. १९६३ मध्ये मोराची निवड झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मात्र माळढोकाला सर्वोच्च संरक्षण मिळाले.

१९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्रावर माळढोक अभयारण्य घोषित झाले. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज हे त्याचे प्रमुख केंद्र ठरले. १९८० च्या दशकात सोसायटीने नान्नज येथे क्षेत्रीय केंद्र उभारून माळढोकाच्या सवयी, आहार व वीण यांचा अभ्यास केला. जून-जुलैमध्ये पाऊस सुरू होऊन माळावर गवत उगवले, टोळ व नाकतोडे वाढले की नर गळ्याची पिशवी फुगवून मादीला साद घालतो, हे दृश्य या माळांवर पाहावयास मिळत असे. अभयारण्याच्या हद्दीत अनेक गावे व खासगी शेती आल्याने जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि शेतकऱ्यांत नाराजी पसरली. नंतर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. आज नान्नजच्या माळावर माळढोक क्वचितच दृष्टीस पडतो आणि जागतिक पातळीवर त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते.

माळरानांप्रमाणेच सोलापूर परिसरातील जलाशयही पक्षिनिरीक्षकांना परिचित आहेत. भीमा नदीवरील उजनी जलाशय, ब्रिटिश काळात बांधलेला हिप्परग्याचा एकरूख तलाव आणि शहरातील सिद्धेश्वर व धर्मवीर संभाजी तलाव येथे पाणपक्षी नियमित आढळतात. उजनीचे पाणी ओसरून उथळ दलदल उघडी पडली की रोहित पक्ष्यांचे थवे तेथे उतरतात. पावसाळा सरताना, भाद्रपदाच्या सुमारास, धोबी व तुतारी यांसारखे पहिले पाहुणे काठावर दिसू लागतात आणि हिवाळ्यात पट्टकादंब व इतर बदकांची भर पडते. अशा नोंदी तारीखवार ठेवण्याची जी शिस्त भारतीय पक्षिनिरीक्षकांत रुजली, तिचे मूळ सलीम अली यांच्या कार्यपद्धतीत आहे.

स्वभाव व जीवनशैली

सलीम अली शरीराने किरकोळ, पण चिवट होते. पहाटे उठून निरीक्षणास निघणे व त्याच दिवशी टिपणे पूर्ण करणे हा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ होता. ढिसाळ नोंदी त्यांना खपत नसत. मोटारसायकलींचे त्यांना विलक्षण वेड होते. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेसाठी त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल जहाजाने युरोपला नेली होती. तरुणपणी ते उत्साही शिकारी होते आणि शास्त्रीय नमुन्यांसाठी बंदुकीचा वापर आवश्यक मानीत. तथापि निष्कारण हत्येला त्यांचा विरोध होता. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे सदाहरित जंगल जलविद्युत प्रकल्पापासून वाचावे, यासाठी त्यांनी वृद्धापकाळात आपली प्रतिष्ठा पणास लावली.

सन्मान

भारत सरकारने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण व १९७६ मध्ये पद्मविभूषण या किताबांनी गौरविले. १९६७ मध्ये ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. ब्रिटिश नागरिक नसलेल्या व्यक्तीस क्वचितच मिळणारा हा सन्मान होता. जे. पॉल गेटी वन्यजीव संरक्षण पुरस्काराची रक्कम त्यांनी स्वतःकडे न ठेवता निसर्गसंरक्षणाच्या निधीसाठी दिली. पदवीअभावी एकेकाळी नोकरी नाकारल्या गेलेल्या सलीम अली यांना अलीगढ, दिल्ली व आंध्र या विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली.

निधन व स्मृती

दीर्घ आजारानंतर २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबई येथे त्यांचे कर्करोगाने निधन झाले. १९९० मध्ये कोइमतूर येथे त्यांच्या नावाने पक्षिशास्त्र व निसर्गविज्ञान केंद्र स्थापन करण्यात आले. गोव्यातील चोडण बेटावरील खारफुटीचे व केरळमधील तट्टेकाड येथील पक्षी अभयारण्य त्यांच्या नावाने ओळखले जाते. छत्रपती संभाजीनगर येथील एका जुन्या तलावालाही सलीम अली सरोवर असे नाव आहे. २०१६ मध्ये हिमालयात नव्याने ओळखल्या गेलेल्या कस्तुराच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव गुंफण्यात आले.

महाराष्ट्र शासनातर्फे २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा कालावधी पक्षी सप्ताह म्हणून साजरा केला जातो. त्याची सुरुवात सोलापुरात जन्मलेले निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी होते आणि सांगता सलीम अली यांच्या जन्मदिनी होते. या आठवड्यात राज्यातील तलाव व माळरानांवर विद्यार्थी आणि पक्षिप्रेमी पक्ष्यांच्या नोंदी घेतात.